पेण-रोहे परिसरातील बेने इस्राएलांची व्यक्तिनामे : उगम आणि अर्थ

मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. ते बांधविणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव दोन रूपांत आढळते. इंग्रजी कागदपत्रांतील रूप सॅम्युएल इझिकेल दिवेकर असे आहे, तर समाजाच्या स्मरणात ते सामाजी हसाजी दिवेकर असे राहिले आहे. प्रार्थनामंदिराजवळच्या रस्त्याला 'सॅम्युएल स्ट्रीट' हे नाव मिळाले. 'सामाजी रस्ता' हे कोणी म्हटले नाही. एकाच माणसाच्या या दोन नावांपैकी खरे कोणते, असा प्रश्न सहज उद्भवतो. सर्वसामान्य उत्तर असे की, सॅम्युएल हे मूळ नाव आणि सामाजी हा खेडवळ तोंडी झालेला त्याचा अपभ्रंश. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करावयाची आहे. सामाजी, हसाजी, आबाजी, एलोजी ही रूपे बिघडलेली नसून मराठीच्या नामघटनेच्या नियमांनी घडलेली आहेत, आणि इंग्रजी वळणाच्या रूपांपेक्षा ती कोकणात जुनी आहेत, असे त्या तपासणीतून दिसून येईल.

१. भूमी आणि पूर्णनामाची घटना

बेने इस्राएल समाजाची जुनी वस्ती आजच्या रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीत आणि खाड्यांच्या काठी होती. पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नवगाव-चौल-रेवदंड्यापासून आत सरकत ही घरे पेण आणि रोहे या दोन बाजारपेठांपर्यंत पसरली. पेण हे भोगावतीकाठचे आणि रोहे हे कुंडलिकेकाठचे गाव. रोह्यासमोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर अष्टमी. पेण आणि रोहे येथे एकोणिसाव्या शतकात या समाजाची प्रार्थनामंदिरे बांधली गेली. त्या स्थळाला समाजातील मराठी शब्द 'मशीद' असा होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भाषेचे जे वेगवेगळे थर व्यक्तिनामांत सापडतात, तेच या साध्या शब्दातही सापडतात.

या समाजातील पूर्णनाम तीन अवयवांचे असते : स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गावावरून आलेले '-कर' प्रत्ययान्त आडनाव. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाकरूळकर ही आडनावे याच परिसरातील गावांची आहेत. दिवे, चौल, किहीम, झिराड, नवगाव या गावांनीही अशीच आडनावे दिली. चित्रपटसृष्टीत 'डेव्हिड' या एकाच नावाने परिचित असलेल्या नटाचे पूर्णनाम डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिले दोन अवयव हिब्रू आणि तिसरा चौलचा, म्हणजे अस्सल कोकणी.

मात्र या तीन अवयवांपैकी एकटा कोणताही अवयव समाज ओळखण्यास पुरेसा नाही. दिवेकर, पेणकर ही आडनावे हिंदूंतही आहेत. आबाजी हे नाव मराठ्यांत, प्रभूंत, ब्राह्मणांत चालते. मुसाजी हे मुसलमानाचेही असू शकते. तिन्ही अवयव एकत्र वाचले म्हणजेच नावाची साक्ष पुरी होते. नावाच्या अभ्यासकाने ही खबरदारी प्रथमपासून बाळगली पाहिजे.

२. संक्षेपाचा नियम

मराठीत लांब विशेषनामाचे घरगुती किंवा आदरार्थी रूप करण्याची एक ठरलेली रीत आहे. नावाचा आरंभीचा अवयव ठेवावयाचा, उरलेला भाग गाळावयाचा आणि 'ओ' किंवा 'आ' हा स्वर मध्ये घालून 'बा' अथवा 'जी' हा आदरवाचक प्रत्यय जोडावयाचा. विठ्ठलाचा विठोबा व विठोजी, ज्ञानदेवाचा ज्ञानोबा, व्यंकटेशाचा व्यंकोजी ही रूपे अशीच झाली आहेत. पेण तालुक्यातच याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनायक नरहर भावे यांना सारा देश 'विनोबा' म्हणून ओळखतो; त्यांचे बंधू बाळकृष्ण हे 'बाळकोबा' झाले. विनायक या नावातील 'विन्' एवढाच भाग 'विनोबा' या नावात उरला आहे. 'नायक' हा अर्थवाही भाग नाहीसा झाला. तरी विनोबा हा विनायकाचा अपभ्रंश आहे असे कोणी म्हणत नाही. ते त्याचे मराठी लाघवरूप होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. संक्षेपाचा हा नियम अर्थाकडे पाहत नाही, ध्वनींकडे पाहतो. संस्कृत समास जेथे जोडलेला असेल तेथेच तो तुटतो असे नाही. त्यामुळे ज्या नावाचा अर्थ बोलणाऱ्यास ठाऊक नाही, अशा परकीय नावासही हा नियम तितक्याच सहजतेने लागू पडतो. हिब्रू नावांचे नेमके हेच झाले.

३. काही नावांची चिकित्सा

सामाजी. मूळ हिब्रू नाव शमुएल. बायबलमधील कथेत हन्नेने देवापाशी मागून घेतलेल्या मुलाला हे नाव दिले, म्हणून 'देवाने ऐकले' असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. भाषाशास्त्रज्ञ मात्र 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव असे दोन घटक पाहून 'ज्याचे नाम एल' किंवा 'एलचे नाम' अशी फोड करतात. मराठीत 'साम्' एवढा आद्यावयव राहिला आणि 'आजी' जोडले गेले. हिब्रूतील 'श' च्या जागी 'स' का आला, याची दोन उत्तरे संभवतात. अरबी रूपात आरंभी सकारच आहे, हे एक. कोकणच्या लोकबोलीत श-स यांची अदलाबदल होते, हे दुसरे. इंग्रजी 'सॅम्युएल' मध्येही सकार आहे. पण सामाजी दिवेकर अठराव्या शतकातले. इंग्रजी शाळा कोकणातील या घरांपर्यंत पोहोचण्यापूर्वीचे. तेव्हा इंग्रजीचा ऋणनिर्देश येथे करण्याचे कारण नाही.

हसाजी. हे या मालिकेतील सर्वांत बोधप्रद नाव. ऐकणाऱ्यास 'हसणे' हा धातू आठवतो आणि 'हसरा मुलगा' असा अर्थ सुचतो. योगायोग असा की, हिब्रूत 'तो हसतो' या अर्थाचे एक प्रसिद्ध नाव खरोखरच आहे. पण ते यित्झाक, म्हणजे इसहाक होय. हसाजीचे मूळ यहेज्केल (इंग्रजी इझिकेल) हे असून त्याचा अर्थ 'देव बळ देवो' किंवा 'देव बळकट करतो' असा आहे. आरंभीचा 'य' कोठे गेला, असे विचारले जाईल. अरबीत हे नाव 'हिज्कील' असे आहे आणि बगदादच्या ज्यू समाजात 'हेस्केल' हे रूप रूढ होते. दोहोंतही तो यकार नाही. तसल्याच एखाद्या रूपाचा 'हेस्-हस्' हा आद्यावयव घेऊन 'हसाजी' सिद्ध झाले, असे मानण्यास अडचण दिसत नाही. त्यातून मराठीत 'हंसाजी' हे नाव आधीपासून होतेच. हंबीरराव मोहित्यांचे मूळ नाव हंसाजी. नवे नाव ऐकणाऱ्या गावकऱ्याच्या कानाला ते अनोळखी वाटले नसेल.

आबाजी. मूळ अब्राहाम, हिब्रू उच्चार अव्राहाम. बायबलमध्ये 'बहुतांचा पिता' असा अर्थ दिला असून 'अव्' म्हणजे पिता हा घटक त्यात निर्विवाद आहे. मराठीत 'आबा' हा आजोबांस किंवा वडीलधाऱ्या पुरुषास लावण्याचा शब्द. हिब्रू-अरामीतही 'अब्बा' म्हणजे बाप. दोन्ही एकच, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो आवरला पाहिजे. आबा, बाबा, अप्पा यांसारखे ओष्ठ्य व्यंजनाचे वडीलवाचक शब्द लहान मुलांच्या बोलीतून जगातील अनेक असंबद्ध भाषांत स्वतंत्रपणे निर्माण झाले आहेत. येथे नाते व्युत्पत्तीचे नाही, सोयीचे आहे : अब्राहामास मराठी घरात बसविण्यासाठी आबा हा शब्द तयार होता. शिवकालातील आबाजी सोनदेवांचे नाव आणि बेने इस्राएल आबाजीचे नाव उच्चाराने एकच. मुळे मात्र निराळी.

एलोजी. मूळ एलियाहू, अर्थ 'याह्वे हाच माझा देव'. 'एल्' हा आद्यावयव आणि 'ओजी' ही जोड. मालोजी, व्यंकोजी यांच्या सरळ रांगेतले हे नाव आहे. एलियाहू हा संदेष्टा या समाजाचा विशेष श्रद्धेय. त्याच्या नावाने मलिद्याचा विधी होतो आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथे त्याच्या रथाच्या खुणा दाखविल्या जातात. प्रार्थनेत नाव संपूर्ण हिब्रू राहते, 'एलियाहू हानाबी'. अंगणात तेच नाव धारण करणारा मुलगा एलोजी होतो. दोन रूपांनी दोन प्रसंग वाटून घेतले होते, त्यांचा एकमेकांशी झगडा नव्हता.

इसाजी. मूळ यित्झाक, अरबीत इसहाक. याचा संबंध येशू ख्रिस्ताच्या 'ईसा' या अरबी-फारसी नावाशी जोडण्याची चूक होऊ शकते, ती टाळावी. मराठीतील येसाजी हे नाव, शिवकालीन येसाजी कंकांमुळे सर्वांच्या ओळखीचे, याच्या निकटचे आहे. लिखित दप्तरात दोहोंची सरमिसळ होणे अगदी शक्य आहे.

मुसाजी आणि दाऊदजी. मूळ मोशे आणि दावीद. मोशे या नावाची बायबलमधील फोड 'पाण्यातून काढलेला' अशी आहे. 'पुत्र' या अर्थाच्या प्राचीन मिसरी शब्दाशी त्याचे नाते असावे असे अनेक अभ्यासक मानतात. दावीद म्हणजे 'प्रिय'. येथे मराठीने हिब्रू रूपे घेतली नाहीत. मुसा आणि दाऊद ही अरबी रूपे घेऊन त्यांना 'जी' जोडले.

४. तीन थर

वरील नावांवरून इतिहासाचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर अरबी-फारसी वळणाचा. चौल-रेवदंड्याचा अरबी समुद्रावरील व्यापार, निजामशाही आणि पुढे जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता यांमुळे मुसा, दाऊद, याकूब ही रूपे कोकणात सर्वांच्याच कानावर होती. प्रार्थनामंदिरास 'मशीद' म्हणणे याच थरातले. दुसरा थर मराठी प्रत्ययांचा : जी, बा, बाई. तिसरा थर एकोणिसाव्या शतकातला, आणि तो एकाच वेळी हिब्रूचा व इंग्रजीचा आहे.

या तिसऱ्या थराचा उगम नीट पाहावयास हवा. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापला गेला. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनीही धर्मशिक्षणास हातभार लावला. समाजातील पुष्कळ पुरुष कंपनीच्या पलटणीत होते, त्यामुळे हजेरीपट इंग्रजी लिपीत लिहिले जात. १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली. शास्त्राच्या मूळ ग्रंथाशी पुन्हा ओळख झाली, तेव्हा आपले नाव ग्रंथातल्यासारखे असावे अशी इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक होते. परंतु ती इच्छा पुरी झाली ती इंग्रजी लिपीमधून. शाळेच्या पटावर सामाजीचा शमुएल झाला नाही, सॅम्युएल झाला. हसाजीचा इझिकेल झाला. आणि हिब्रू यहेज्केलपासून इझिकेल हे रूप ग्रीक व लॅटिन यांच्या वाटेने आलेले असल्यामुळे हसाजीपेक्षा काही फारसे जवळचे नाही. ज्याला शुद्धीकरण समजले गेले ते पुष्कळ अंशी एका परभाषेतील रूपाऐवजी दुसऱ्या परभाषेतील रूप घेणे होते.

याच काळात बापाचे नाव आडनावाच्या जागी आले. मुंबईचे १९३७ मधील महापौर डॉ. एलिजा मोझेस हे मूळचे राजपूरकर. त्यांच्या नावाचा रस्ता मात्र 'ई. मोझेस' एवढेच सांगतो. कवी निस्सीम इझिकेल यांच्या नावात गावाचा अवयव नाहीच. '-कर' गेले की मनुष्य कोणत्या गावचा, हा दुवा तुटतो. उलट जंजिरा संस्थानाचे कारभारी शालोम बापूजी वरघरकर यांचे नाव पाहावे : 'शांती' या अर्थाचे हिब्रू शालोम, मराठी बापूजी आणि गावाचे वरघर. समाजाचा सारा इतिहास या तीन शब्दांत आला आहे.

५. स्त्रियांची नावे

स्त्रियांच्या नावांचा मार्ग थोडा निराळा. मुलाला आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी हिब्रू नाव ठेवणे धर्माने आवश्यक. मुलीच्या नावाला तसे बंधन नाही. त्यामुळे जुन्या पिढ्यांत स्त्रियांची नावे शेजारच्या मराठी घरांतल्यासारखीच पुष्कळ आढळतात, आणि बायबलमधील नाव असले तरी त्यास 'बाई' जोडले जाई : साराबाई, राहेलबाई. सारा म्हणजे राजकन्या, राहेल म्हणजे मेंढी. पशुपालांच्या जीवनातले ते लाडके नाव. शिक्षणाच्या प्रसारानंतर बायबलमधील कमी परिचित नावेही आली. प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव योथाम राजाच्या मातेचे. त्याचा अर्थ 'स्वाधीन झालेली' किंवा 'वारसा' या धातूशी निगडित आहे. आडनावात मात्र अलिबागजवळचे झिराड कायम राहिले, केवळ '-कर' गळले.

६. एक तुलना

अशी द्विरूप नावे केवळ कोकणात आढळतात असे नाही. योहानान, 'याह्वेने कृपा केली', हे हिब्रू नाव ख्रिस्ती धर्माबरोबर युरोपभर गेले. फ्रान्सच्या राज्यात फ्रेंच भाषेत ते 'झां' झाले. पण त्याच राज्यातील ब्रेतों भाषेत ते 'यान', कोर्सिकन भाषेत 'जुवान्नी' आणि दक्षिणेकडील ऑक्सितान भाषेत 'जुआन' आहे. ब्रेतों लोक त्यास 'इग' हा लघुत्ववाचक प्रत्यय लावून 'यानिग' करतात. आपल्या 'जी' व 'बा' या आदरवाचक प्रत्ययांहून त्याचा भाव निराळा, पण परक्या नावास स्वभाषेचा प्रत्यय लावून ते आपलेसे करण्याची प्रवृत्ती तीच. या रूपांनाही 'झां'चा गावंढळ अपभ्रंश मानण्याची चाल होती. शिवाय तेथे कायदा आडवा आला. १८०३ च्या कायद्याने पंचांगातील संतांची व प्राचीन इतिहासातील नावेच ठेवण्याची मुभा होती. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनीतील एका कुटुंबाने मुलांना ब्रेतों नावे दिली, तेव्हा नोंदणी नाकारली गेली आणि प्रकरण न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. १९६६ मध्ये प्रादेशिक भाषांतील नावांस सवलत मिळाली. १९९३ च्या कायद्याने बंधन जवळजवळ उठले.

कोकणात असा कायदा कधीच नव्हता. सामाजीला कोणी मना केले नाही. शाळेचा पट, पलटणीची यादी आणि प्रतिष्ठेची कल्पना यांनीच ते काम केले. परिणामाची तुलना केली तर एक विलक्षण गोष्ट दिसते : ज्या नावांवर बंदी आली ती ब्रेतों नावे बंदीच्या जाणिवेमुळेच पुढे अभिमानाने ठेवली गेली; ज्या नावांवर बंदी आली नाही ती एलोजी, हसाजी ही नावे गाजावाजा न होता मागे पडली.

७. नावाची साक्ष

ही चर्चा केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाची नाही. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. पेण-रोह्यात व एकंदर कोकणात आज थोडीच घरे उरली आहेत. इस्राएलमध्ये त्यांच्या वंशाविषयी शंका घेतली गेली. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या की, या समाजातील वधूवरांची मातृपरंपरा शक्य तितक्या पिढ्या मागे तपासावी. समाजाने तीव्र प्रतिकार केला, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या सरकारने व संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर केले.

आजी-पणजीपर्यंत जाणाऱ्या अशा चौकशीत हाती लागणारा पहिला धागा नावाचाच असतो. आणि वर पाहिलेच आहे की, पणजीचे नाव मराठी असणे किंवा पणजोबांचे नाव हसाजी असणे हा परकेपणाचा पुरावा होऊ शकत नाही. नावाचे मराठी रूप एवढेच सांगते की, ते नाव मराठी बोलणाऱ्या गावात उच्चारले जात होते. त्याच्या पोटात यहेज्केल आहे की हंसाजी, हे ठरविण्यास ध्वनींचा नियम, बापाचे नाव आणि गाव या तिघांची साक्ष घ्यावी लागते. उलट, ही रूपे नीट वाचली तर ती समाजाच्या बाजूनेच बोलतात. शतकानुशतके हिब्रू ग्रंथांपासून दूर राहूनही अब्राहाम, एलियाहू, यहेज्केल, शमुएल ही नावे मराठी पेहरावात टिकून राहिली, याचा तो पुरावा आहे.

या समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल केहीमकर यांनी आपला ग्रंथ १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. 'हाईम' म्हणजे जीवन आणि 'केहीमकर' म्हणजे किहीमचे राहणारे. आता जुनी नावे ऐकण्याची ठिकाणे थोडी उरली आहेत : कबरीवरील लेख, जमिनीचे जुने दस्तऐवज, प्रार्थनामंदिरांतील देणगीफलक आणि वृद्धांच्या तोंडच्या वंशावळी. ती नोंदताना सामाजीच्या जागी सॅम्युएल असे 'सुधारून' लिहिण्याचा मोह संग्राहकाने कटाक्षाने टाळावा. तसे केल्यास व्यक्ती कोण ते कळेल. परंतु ती कोणत्या गावात, कोणत्या भाषेत हाक मारली जात होती, ते कायमचे पुसले जाईल.